विमानाचे अंतर, विमानाचा वेळ : वाचकांचे प्रश्न

तिकिटे काढण्याचा हंगाम आला की या सदराच्या टपालात विमानप्रवासाचे प्रश्न वाढतात. या खेपेची बहुतेक पत्रे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली आहेत. त्यांतला गोंधळ बराचसा एकाच जागी आहे. किलोमीटरचा आकडा पाहून वेळ ठरवला जातो, आणि तो आकडा कशाचा हे पाहिले जात नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून आज नियमित प्रवासी विमान उडत नाही. कराडजवळ विजयनगरला धावपट्टी आहे, सांगलीजवळ कवलापूरला जुनी धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावे असे विमान दोन्हीकडे नाही. म्हणून आपल्याकडच्या माणसाचा विमानप्रवास रस्त्यावर सुरू होतो, आणि हिशेबही तिथूनच मांडावा लागतो.

प्रश्न : सातारा ते दिल्ली अंतर इंटरनेटवर शोधले. एका ठिकाणी १२५० कि.मी. आणि ‘विमानाने १ तास ३४ मिनिटे’ असे दिसते. दुसरीकडे ११५६ कि.मी., तर तिसरीकडे दीड हजारच्या आसपास. खरे कोणते धरायचे? (वाचक, सातारा)

तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत. १२५० हे सातारा शहर ते दिल्ली असे सरळ हवाई अंतर. ११५६ हे पुण्याचा लोहगाव विमानतळ ते दिल्ली विमानतळ यांमधले हवाई अंतर. दीड हजार हा रस्ता. यांपैकी तुमचे विमान प्रत्यक्ष उडते ते दुसऱ्या आकड्याच्या जवळपास. साताऱ्याहून विमानच नसल्याने पहिला आकडा प्रवासाच्या कामाचा नाही.

‘१ तास ३४ मिनिटे’ कुठून आले तेही सांगतो. अशी संकेतस्थळे दोन गावांचे अक्षांश-रेखांश घेतात, त्यांतले अंतर काढतात आणि ताशी ८०० कि.मी. अशा एखाद्या ठरीव वेगाने भागतात. १२५० भागिले ८०० म्हणजे १.५६ तास, म्हणजेच १ तास ३४ मिनिटे. त्या गावात विमानतळ आहे का, हे त्या गणितात कुठेच येत नाही. हाच हिशेब ते वाई ते मेढा यासाठीही करून देतील.

हा आकडा स्वतः काढून पाहता येतो आणि एकदा काढला की संकेतस्थळांवर विसंबावे लागत नाही. पुणे विमानतळ १८.५८ अंश उत्तर, ७३.९२ अंश पूर्व. दिल्ली विमानतळ २८.५६ उत्तर, ७७.१० पूर्व. अक्षांशांतला फरक ९.९८. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ कि.मी., म्हणून उत्तर-दक्षिण अंतर ९.९८ × १११.२ = १११० कि.मी. रेखांशांतला फरक ३.१८. इथे चूक होते ती अशी, की लोक यालाही थेट १११.२ ने गुणतात. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात, त्यामुळे दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावेच लागते. मधला अक्षांश २३.६, त्याचा कोसाइन ०.९१६. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर ३.१८ × १११.२ × ०.९१६ = ३२४ कि.मी. आता पायथागोरस: १११० चा वर्ग अधिक ३२४ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ ११५६. मोबाइलमधला साधा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनांत कोसाइनचे बटण दिसते. तो कोन अंशांत घेतो आहे ना, रेडियनमध्ये तर नाही, एवढे पाहून घ्या.

भारतातल्या भारतात ही रीत पुरेशी अचूक आहे. अंतर काही हजार कि.मी. झाले की पृथ्वीचा गोलपणा आड येतो, तिथे ती वापरू नका.

दोन संकेतस्थळांत पाच-सात कि.मी.चा फरक दिसला तर त्यावर वेळ घालवू नये. पृथ्वी नेमकी गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६३७८ कि.मी., ध्रुवाशी ६३५७. कोणी सरासरी ६३७१ धरतो, कोणी चपटेपणा धरून काढतो. फरक फार मोठा दिसला तर आधी एकक पाहा. ११५६ कि.मी. म्हणजे ७१८ मैल आणि ६२४ सागरी मैल. विमानाचे लोक सागरी मैलांत बोलतात (एक सागरी मैल १.८५२ कि.मी.), आणि तो आकडा कि.मी. समजून वाचला की अंतर जवळजवळ निम्मे वाटते.

प्रश्न : पुणे–दिल्ली तिकिटावर २ तास १५ मिनिटे लिहिले होते. विमानात मात्र वैमानिकाने ‘उड्डाणाचा वेळ १ तास ४५ मिनिटे’ असे सांगितले. उरलेला अर्धा तास कुठे जातो? (वाचक, मिरज)

जमिनीवर. तिकिटावरचा वेळ विमान आपल्या जागेवरून मागे ढकलले जाते तेव्हा सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर ठरलेल्या जागी उभे राहते तेव्हा संपतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. वैमानिक सांगतो तो चाके जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ.

पुण्याचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी एकच, आणि लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर प्रवासी विमान थांबते. दिल्लीला चार धावपट्ट्या आहेत. त्यांतल्या लांबच्या धावपट्टीवर उतरले तर टर्मिनलपर्यंत विमान जमिनीवरून चालत येण्यातच पंधरा-वीस मिनिटे जातात. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी जास्त मिनिटे धरतात, म्हणजे किरकोळ उशीर झाला तरी विमान ‘वेळेवर’ नोंदले जाते. ‘वीस मिनिटे आधी पोचलो’ असे जे प्रवासी सांगतात, त्याचे कारण बहुधा हेच.

अंदाजासाठी एक कामचलाऊ सूत्र: हवाई अंतर भागिले ८००, अधिक ३५ ते ४० मिनिटे. पुणे–दिल्ली ११५६ ÷ ८०० म्हणजे ८७ मिनिटे, अधिक ४० म्हणजे २ तास ७ मिनिटे. पुणे–चेन्नई ९१३ कि.मी., म्हणजे ६८ अधिक ३५, सुमारे पावणेदोन तास. छोट्या अंतराला हे सूत्र फसते. कोल्हापूर–मुंबई हवाई अंतर सुमारे ३१० कि.मी. आहे, पण त्याला तास-सव्वा तास लागतो. विमान पुरते वर पोचते न पोचते तोच उतरायला लागते, आणि अशा मार्गांवर पंख्यांचे एटीआर विमान असेल तर त्याचा वेगच ताशी ५०० च्या आसपास असतो. तिथे ५०० ने भागा आणि ३० मिनिटे मिळवा.

ब्लॉक टाइम माहीत असण्याचा पैशांच्या दृष्टीनेही उपयोग आहे. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या प्रवासी नियमांत उड्डाण रद्द झाल्यावरची भरपाई याच वेळेवर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्यापुढे १०,०००. किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन आकार. यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. ही भरपाई कंपनीने वेळेत कळवले नसेल तरच लागू होते. धुके, वादळ, हवाई नियंत्रणाचा आदेश अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ती मिळत नाही, पण पर्यायी विमान किंवा परतावा मागता येतो. उशिराचेही असेच आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशाला चहापाणी-जेवण देणे कंपनीवर बंधनकारक आहे. काउंटरवर ते मागावे लागते. संकोच करू नका.

प्रश्न : आमचा गलाईचा (सोने-चांदी गाळण्याचा) धंदा, दुकान चेन्नईत. पुण्याहून थेट विमान पावणेदोन तासांचे. कोल्हापूरहून मध्ये विमान बदलून साडेचार तासांचे तिकीट निघते. कोल्हापूर जवळ पडते. काय करावे? (वाचक, विटा)

खानापूर-आटपाडी भागातली गलाई मंडळी देशभर विखुरलेली आहेत, त्यामुळे हा हिशेब अनेकांच्या कामाचा आहे. घराच्या उंबऱ्यापासून चेन्नई विमानतळाच्या दाराबाहेर पडेपर्यंत मांडू.

विट्याहून लोहगाव दोनशे कि.मी.हून जास्त. वाटेत काही झाले नाही तर साडेचार तास. खंबाटकी आणि पुण्यातली गर्दी यांसाठी पाऊण तास राखीव. विमानतळावर दोन तास. विमान पावणेदोन तास. चेन्नईला सामान घेऊन बाहेर पडायला चाळीस मिनिटे. एकूण ९ तास ४० मिनिटे.

विट्याहून कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ शंभराच्या आत-बाहेर, सव्वादोन तास धरा. विमानतळ लहान, तिथे दीड तास पुरतो. दोन विमाने आणि मधली वाट पाहणे मिळून साडेचार तास. बाहेर पडायला चाळीस मिनिटे. एकूण ८ तास ५५ मिनिटे.

म्हणजे विमानाच्या वेळेत पावणेतीन तासांचा तोटा असूनही कोल्हापूर पाऊण तासाने पुढे आहे. तरीही आमचे मत सरसकट कोल्हापूरच्या बाजूने नाही. तीन गोष्टी तपासा.

पहिली, दोन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर आहेत का. एकाच पीएनआरवर असली तर पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकल्यास पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटे स्वस्तात मिळाली म्हणून काढली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडतात, आणि मधल्या शहरात सामान घेऊन बाहेर येऊन पुन्हा द्यावे लागते. वेगळीच काढायची असतील तर मध्ये किमान चार तास ठेवा. दीड तासाच्या अंतराने काढलेली दोन वेगळी तिकिटे हा विमानप्रवासातला सर्वांत महागात पडणारा घोळ आहे.

दुसरी, महिना. पावसाळ्यात ढग खाली उतरलेले असताना लहान विमानतळावर विमान उतरवता येत नाही, कारण तिथे उतरण्यासाठी लागणारी किमान दृश्यता मोठ्या विमानतळांपेक्षा जास्त असते. सकाळचे विमान आलेच नाही तर तेच विमान पुढे तुम्हाला नेणार असते, म्हणून तुमचेही रद्द. जून ते सप्टेंबर या काळात महत्त्वाचे काम असेल तर पुणेच धरा.

तिसरी, वेळापत्रक. ते वर्षातून दोनदा बदलते, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ‘उडान’ योजनेतल्या मार्गांना सरकारी मदत तीन वर्षांपुरती असते. ती संपल्यावर काही मार्ग टिकतात, काही बंद पडतात. मागच्या दिवाळीला विमान होते म्हणून यंदाही असेल असे गृहीत धरू नये.

मुंबईचा प्रश्न निराळा आहे. सांगलीहून उजळाईवाडी पन्नास-पंचावन्न कि.मी. जयसिंगपूर-हातकणंगले मार्गे दीड तास, विमानतळावर दीड तास, विमान सव्वा तास, मुंबईत शहरात पोचायला दीड तास, असे पावणेसहा तास होतात. गाडीने साडेसात-आठ तास. फरक आहे, पण दिवसाचे काम असेल तर रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसून सकाळी मुंबईत उतरणाऱ्याचा दिवस अजिबात मोडत नाही. आम्ही तीच सुचवू.

प्रश्न : मुलगा सैन्यात, नेमणूक आसामात. हिवाळ्यात दिल्लीहून गुवाहाटीला जाताना विमानाला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा परत येताना अर्धा तास जास्त लिहिलेला असतो. अंतर तर तेच. (वाचक, अपशिंगे मिलिटरी)

अंतर तेच आहे, वारा बदललेला नाही, दिशा बदलली आहे.

हिवाळ्यात उत्तर भारतावर, साधारण १२ कि.मी. उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद आणि अतिशय वेगवान पट्टा वाहतो. याला जेट प्रवाह म्हणतात. जेट विमाने त्याच उंचीच्या आसपास उडतात. गुवाहाटीकडे जाताना हा वारा पाठीशी, दिल्लीकडे येताना तोंडावर.

दिल्ली–गुवाहाटी सुमारे १४६० कि.मी. विमानाचा हवेतला वेग ताशी ८२० आणि वारा ताशी १२० धरा. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ९४० पडतो, वेळ ९३ मिनिटे. येताना ७०० पडतो, वेळ १२५ मिनिटे. फरक बत्तीस मिनिटांचा, तुम्हाला तिकिटावर दिसतो तोच. उन्हाळ्याच्या शेवटी हा पट्टा उत्तरेला हिमालयापलीकडे सरकतो, त्यामुळे पावसाळ्यात जाणे आणि येणे यांतला फरक बराच कमी होतो. पुणे–दिल्ली मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर असल्याने तिथे वारा बाजूने लागतो आणि वेळेत थोडासाच फरक पडतो.

रजेवर येणाऱ्या जवानांच्या घरच्यांसाठी यातून एक सूचना. डिसेंबर-जानेवारीत परतीच्या प्रवासात दिल्लीला विमान बदलायचे असेल तर सकाळचे पुढचे विमान घेऊ नये. त्या दिवसांत दिल्लीला पहाटेपासून दाट धुके असते. विमाने उशिरा निघतात, कधी जयपूर-लखनौला वळवली जातात, आणि सकाळी साचलेला उशीर दुपारपर्यंत पुढे सरकत राहतो. दुपारनंतरचे विमान धरा, किंवा कोलकात्यामार्गे पुण्याला येणारे तिकीट पाहा. दिल्लीत टर्मिनल बदलायचे आहे का तेही आधी बघा. टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ यांच्यात बसने जावे लागते, एका इमारतीतून चालत दुसऱ्या इमारतीत जाता येत नाही.

प्रश्न : मुलगी न्यूयॉर्कला असते. नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला दिसते, पण विमानातल्या पडद्यावर विमान आधी उत्तरेकडे जाताना दिसले. हा वळसा का? (वाचक, वाई)

तो वळसा नाही, तीच जवळची वाट आहे. भिंतीवरचा नकाशा गोल पृथ्वी सपाट ताणून काढलेला असतो आणि तो ध्रुवांकडे सर्वांत जास्त ताणला जातो. त्यावर पट्टीने काढलेली रेषा सरळ दिसते, पण पृथ्वीवर ती लांब असते.

घरात किंवा शाळेत पृथ्वीगोल असेल तर खात्री करून घ्या. मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन ठिकाणी दोऱ्याची टोके बोटाने दाबा आणि दोरा घट्ट ताणा. तो आपोआप वर सरकतो, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया असा जाऊन साधारण ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग अमेरिकेकडे उतरतो. मुंबईहून निघतानाची दिशा वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकलेली असते. या वाटेने अंतर सुमारे १२,५३० कि.मी. येते. सपाट नकाशावरच्या सरळ रेषेने गेले तर ते १४,२०० च्या घरात जाते, म्हणजे दोन तासांचे जास्त उड्डाण. पृथ्वीगोलाचा व्यास ३० सें.मी. असेल तर दोऱ्याचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ कि.मी. मुंबई–न्यूयॉर्क साडेएकोणतीस सें.मी. भरायला हवे, मुंबई–लंडन सतरा. भूगोलाच्या शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. दोरा ताणताना तो गोलाला चिकटलेला राहायला हवा, आणि लवचिक रबर वापरू नये.

याच कारणाने बंगळूर–सॅन फ्रान्सिस्को हे विमान ध्रुवाजवळून जाऊ शकते. दोन्ही शहरांच्या रेखांशांत जवळजवळ २०० अंशांचा फरक आहे, म्हणजे ती पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला विमान आणले, ते याच सुमारे १४,००० कि.मी.च्या मार्गावर.

आता प्रत्यक्षातली अडचण. सर्वांत जवळची वाट नेहमी खुली नसते. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. त्याआधी फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळातही ती बंद होती. मुंबई–लंडन जवळची वाट कच्छ-सिंधवरून जाते. ती बंद असली की भारतीय कंपनीचे विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे काढावे लागते. म्हणून एकाच मार्गावर दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसल्या तर तिकीट चुकीचे आहे असे समजू नये. संकेतस्थळावरच्या ‘अंतर आणि उड्डाण वेळ’ या आकड्यात हे काहीच धरलेले नसते. कंपनीच्या त्या तारखेच्या वेळापत्रकातला वेळ हाच खरा.

वाऱ्याचा परिणाम लांबच्या प्रवासात आणखी दिसतो. मुंबई–लंडन सुमारे ७२०० कि.मी. विमानाचा वेग ८५० आणि सरासरी वारा ५० धरला तर जाताना ८०० च्या वेगाने नऊ तास हवेत, येताना ९०० च्या वेगाने आठ तास. मुलांना वेग-वेळ-अंतराचे गणित शिकवायला हे उदाहरण चांगले आहे, कारण उत्तर पूर्णांकात येते.

प्रश्न : दुबईचे तिकीट काढले. जाताना मुंबईहून १०:०० ला निघून ११:४० ला पोचते, येताना १३:०० ला निघून १७:३० ला. जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार? (वाचक, इस्लामपूर)

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. जाताना दीड तास मिळवा: ३ तास १० मिनिटे. येताना दीड तास वजा करा: ३ तास. अंतर सुमारे १९३० कि.मी., त्याला हे वेळ योग्यच आहेत.

लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास मागे असते. न्यूयॉर्कचा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. घरच्यांना विमानतळावर घ्यायला बोलवायचे असेल तर त्या आठवड्यांत दोनदा तपासा. मध्यरात्रीनंतरच्या विमानांची तारीखही नीट वाचा. १५ तारखेच्या ००:४० चे विमान म्हणजे १४ च्या रात्री घरून निघायचे.

प्रश्न : सातारा–पुणे रस्त्याने ११५ कि.मी.च्या आसपास, रेल्वेने मात्र १४५. एवढा फरक कसा? (वाचक, फलटण)

महामार्ग खंबाटकी आणि कात्रजच्या डोंगरातून सरळ काढला आहे. रेल्वेला तेवढा चढ चालत नाही, म्हणून ती वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी असा पूर्वेकडून फेर घेते. साताऱ्याचे स्टेशनही गावाबाहेर माहुलीला आहे, तिथवर जाण्याचा वेळ वेगळा धरा. हाच प्रकार कराड–चिपळूणचा. सरळ रेषेत ७५ कि.मी., कुंभार्ली घाटातून शंभरच्या आसपास. जिथे सह्याद्री आडवा येतो तिथे हवाई अंतरावरून वेळ काढू नये.

प्रश्न : पुण्याहून सकाळी ११ चे विमान आहे. कराडहून किती वाजता निघावे? (वाचक, कराड)

उलटे मोजत या. देशांतर्गत उड्डाणाचा चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्या ६० मिनिटे आधी बंद करतात, म्हणजे दहाला. प्रवेशद्वारावरची ओळखपत्राची रांग, सामान आणि सुरक्षा तपासणी यांसाठी नऊला पोचा. नवले पुलापासून लोहगाव सकाळच्या गर्दीत सव्वा तास, म्हणजे नवले पुलावर पावणेआठला. कराड ते नवले पूल पावणेतीन तास, म्हणजे पाच. तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे टोलनाके, सहापदरीकरणाच्या कामांचे वळणरस्ते, खंबाटकीत बंद पडलेला एखादा ट्रक, यांसाठी पाऊण तास. सव्वाचारला निघा.

वेब चेक-इन केले आणि फक्त हातातली सात किलोची बॅग असली तर काउंटरची मुदत लागत नाही, पण बोर्डिंगचे दार उड्डाणाच्या साधारण २५ मिनिटे आधी बंद होते. तेव्हा फार तर अर्धा तास उशिरा निघता येईल, त्याहून जास्त नाही.

रविवारी संध्याकाळी हा हिशेब चालत नाही. महाबळेश्वर-पाचगणीची परतणारी गर्दी सुरूर फाट्यावर महामार्गाला मिळते आणि तिथून पुण्यापर्यंत गाड्या सरकत राहतात. रविवारी रात्री आठनंतरचे विमान असेल तर आणखी दीड तास आधी निघा, किंवा रेल्वेने पुण्याला येऊन स्टेशनवरून रिक्षा करा. पुणे स्टेशन ते लोहगाव हे अंतर नवले पुलापेक्षा बरेच जवळ आहे. कोल्हापूर–पुणे वंदे भारत कराड आणि साताऱ्याला थांबते, पण ती रोज नाही. वार आणि वेळ जुळते का ते आधी पाहा.

प्रश्न : तिकीट शोधताना ‘मुंबई’ लिहिले तर दोन विमानतळ दिसतात. आम्हाला कोणता सोयीचा? (वाचक, कोरेगाव)

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला. साताऱ्याकडून द्रुतगती मार्गाने येणाऱ्याला पनवेलच्या बाजूलाच तो लागतो, पुढचे वाशी-चेंबूरचे ट्रॅफिक टळते. तिथून तुमचे विमान असेल तर तोच घ्या, तास-दीड तास वाचतो. तिकीट काढताना विमानतळाचे पूर्ण नाव वाचा. सांताक्रूझ-सहारच्या जुन्या विमानतळाचा संकेत ‘बीओएम’ आहे, नव्याचा ‘एनएमआय’. जाताना एक आणि येताना दुसरा असे तिकीट स्वस्त दिसते म्हणून घेतले, तर स्वतःची गाडी एका ठिकाणी उभी आणि आपण दुसऱ्या ठिकाणी उतरलो असे होते. जुन्या विमानतळावर टर्मिनल १ आणि २ यांची प्रवेशद्वारे वेगळ्या रस्त्यांवर आहेत. टर्मिनलचा आकडा चालकाला निघतानाच सांगून ठेवा.